चेहऱ्यावरची टक्केवारी

लातुरात ‘टक्के’ म्हटले की पूर्वी एकच अर्थ निघायचा : बोर्डात पोराला किती पडले? आम्हा बँकवाल्यांना दुसरा अर्थ ठाऊक होता, तो व्याजाचा. पुढाऱ्यांच्या मागेपुढे वावरणाऱ्यांना तिसराही ठाऊक असे, पण त्याविषयी रविवारी सकाळी न बोललेले बरे. गेल्या काही वर्षांत यात चौथ्या अर्थाची भर पडली आहे. ट्यूशन एरियातल्या जनरल स्टोअरमध्ये काचेच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांच्यावर नटीचे चित्र नाही, गुलाब नाही, केशराची काडी नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत एक नाव आणि एक आकडा. नायसिनामाइड १० टक्के, सॅलिसिलिक अ‍ॅसिड २ टक्के, व्हिटॅमिन सी अमुक टक्के, रेटिनॉल पॉइंट तमुक टक्के. ‘नीट’ची तयारी करणारी सतरा वर्षांची मुले-मुली त्या ओळीसमोर उभी राहून, आपण शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यांना हात लावायला भ्यायचो, तसली आम्ले तोंडाला लावायला विकत नेतात.

थट्टेला हा विषय सोपा आहे. मीही ती केली असती. पण गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी पुतणीची मुलगी हॉस्टेलवरून आमच्याकडे जेवायला आली आणि ताटावर बसली तरी स्कार्फ सोडेना. मुखेडकडच्या खेड्यातली ही पोर, दोन वर्षांपासून लातुरात क्लासला आहे. हिने खूप आग्रह केला तेव्हा तिने स्कार्फ काढला. गाल लालभडक, कातडे सुटलेले, हनुवटीवर पुळ्या.

‘‘काय केलंस गं हे?’’

‘‘काही नाही आजी, पर्ज होतंय. आधी वाईट होतं, मग चांगलं होतं.’’

तिची पिशवी उघडली. चार बाटल्या, हिरव्या दगडाचे एक लाटण्यासारखे रोलर आणि लाकडी दांड्याला काशाचा गोल बसवलेले एक साधन. सकाळी व्हिटॅमिन सी आणि त्यावर रोलर. संध्याकाळी सॅलिसिलिक. रात्री रेटिनॉल, आणि रविवारी कातडी ‘साफ’ करायला आणखी एक आम्ल. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे आज तोंड धुण्याचे असे वेळापत्रक आहे, याचे मला एक क्षण कौतुकही वाटले.

या बाटल्यांतली द्रव्ये भोंदू नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले. त्वचेच्या पेशी नव्याने येण्याचा वेग ते वाढवते. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून तेलकट रंध्रात शिरून तिथला बोळा सैल करते. नायसिनामाइड हे ब जीवनसत्त्व तसे सौम्य, त्वचेचा वरचा थर सावरणारे. पण यातल्या प्रत्येकाची एक मात्रा आहे आणि चाल आहे. व्हिटॅमिन सी २० टक्क्यांच्या वर नेले तरी त्वचा जास्तीचे घेत नाही. रेटिनॉल रात्री, वाटाण्याएवढे, सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदाच. दिवसा उन्हाचा बंदोबस्त हवाच, आणि गरोदरपणात ते वर्ज्य. त्याच्याच जोडीला रोज आम्ल घासले तर दोघांचे काम वाढत नाही, त्वचेचे संरक्षण तेवढे निघून जाते. एक द्रव्य आणावे, चार-सहा आठवडे त्याचे वागणे पाहावे, मग दुसऱ्याचा विचार करावा, असा हा धीराचा मामला. आमच्याकडे कर्जाची फाइल अशीच चालायची. पहिला हप्ता दिला, त्याचे काय झाले ते जाऊन पाहिले, मग दुसरा. एकदम सगळी रक्कम हातात पडलेला माणूस काय करतो, ते मी पस्तीस वर्षे पाहिले आहे.

उलट काही भीती उगाचच फिरत असतात. व्हिटॅमिन सी आणि नायसिनामाइड एकत्र लावू नये, असे या मुली एकमेकींना बजावतात. त्याला आधार जुन्या काळच्या अस्थिर मिश्रणांवरील प्रयोगांचा. आजच्या बाटल्यांना तो लागू पडत नाही. खिडकीत ठेवलेली व्हिटॅमिन सीची बाटली मात्र लातूरच्या मे महिन्यात तपकिरी पडते, आणि तशी पडली की ती फेकून द्यायची असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पैसे मोजून आणलेली वस्तू आपल्या घरातली मुलगी फेकत नसते.

आता ते काशाचे साधन. ते पाहून मला आजीची काशाची वाटी आठवली. उन्हाळ्यात रात्री ती तळपायाला तूप लावून वाटीने घासायची. तूप काळे पडले की म्हणायची, ‘‘बघ, उष्णता निघाली.’’ तीच वाटी आता दांडा लावून चेहऱ्यासाठी विकली जाते आणि काळे पडणारे तेल म्हणजे शरीरातले विष असे सांगितले जाते. खरे म्हणजे कासे हे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. तेलातली आणि कातडीवरची आम्ले तांब्याला लागली की काळपट-हिरवट रंग येतो. त्यात उष्णता निघत नाही आणि विषही निघत नाही. आजीच्या हाताने झोप यायची, एवढे मात्र खरे. रोलरचेही तसेच. चेहऱ्याची सूज काही वेळ उतरते, रक्त खेळते, बरे वाटते. गालाची हाडे त्याने वर येत नाहीत. पुळ्या आलेल्या, सोललेल्या कातडीवर तो फिरवला तर पुळ्या चिघळतात. बारीक सुयांचा रोलर ही तर वेगळीच गोष्ट. सुयांनी भोके पाडून त्यांतून व्हिटॅमिन सी आत दवडल्यावर चेहऱ्यावर गाठी उठल्याची काही स्त्रियांची उदाहरणे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये नोंदवली आहेत. कातडीवर लावण्याची वस्तू कातडीच्या आत गेली की ती वस्तू वेगळी होते.

गंमत अशी की, कशात काय मिसळू नये याचे शास्त्र आमच्या स्वयंपाकघरात होते. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवत नसत, पितळी पातेल्यात आमटीला चिंच टाकायची तर आधी कल्हई. आंबट आणि तांबे यांचे जमत नाही, हे आजीला शाळेत न जाता कळत होते. व्हिटॅमिन सी हे आम्लच, आणि तांब्याच्या सहवासात ते भराभर विटते. म्हणजे माझी नात सकाळी महागाचे द्रव्य लावून त्यावर हाताला येईल ते साधन, कधी दगडाचे, कधी काशाचे, फिरवत होती. काशाच्या दिवशी ती आपल्याच पैशांची माती करत होती.

हे सारे बोलून झाल्यावर हिने पिशवी झटकली, तेव्हा तळातून पिळलेली एक ट्यूब पडली. मोजदादीत ती नव्हतीच.

‘‘ते का? ते मेडिकलमधलं मलम आहे. रूममध्ये सगळ्याच लावतात.’’

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी बाटल्या हाताने बाजूला सारल्या आणि ट्यूब उचलली. तिच्यात तीन द्रव्ये होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. पहिले रंग फिका करणारे, दुसरे रेटिनॉलचा थोरला भाऊ, तिसरे स्टेरॉइड. या मिश्रणाला इतिहास आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यासह १९७५ मध्ये तीन द्रव्यांचे सूत्र प्रसिद्ध केले. वांगासारख्या डागांवर, डॉक्टरच्या नजरेखाली, मोजके आठवडे वापरण्याचे ते औषध. ट्रेटिनॉइन हायड्रोक्विनोनला आत पोचवते आणि स्टेरॉइड दोघांची आग शमवते. द्रव्ये एकत्र कशी बांधावीत याचा तो चांगला नमुना आहे, हे मान्य करावे लागते. (याच क्लिगमन यांनी होम्सबर्गच्या तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्याबद्दल फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. उजळ चेहऱ्याच्या मागे कोणाकोणाची कातडी आहे, हे एकदा पाहून ठेवावे.)

आमच्याकडे या औषधाची क्रीम झाली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरोखरच उजळतो, पुळ्या बसतात. मग स्टेरॉइडने कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बायकांच्या गालावर लव येते, उन्हात चेहरा पेटतो. ट्यूब बंद केली की दुप्पट आग, म्हणून पुन्हा ट्यूब. मराठवाड्यात पीककर्जाचे ‘नवे-जुने’ करतात, ते वाचकांना माहीत आहे. जुने कर्ज नव्या कर्जात भरून घ्यायचे, कागदावर खाते नियमित दिसते आणि शेतकरी तिथेच. या ट्यूबचे तसेच आहे. फक्त इथे तारण चेहरा असतो.

हे एका पोरीचे रडगाणे नव्हे. देशातील अनेक केंद्रांत मिळून झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडची मलमे लावत होते. त्यातल्या २५७ जणांना सल्ला डॉक्टरचा नव्हता, तर मैत्रीण, नातेवाईक, दुकानदार अशा कोणाचा तरी होता. दुष्परिणाम ३९२ जणांत दिसले. जास्त कडक मलमे शहरापेक्षा खेड्यांतले आणि शहराबाहेरचे लोक अधिक वापरत होते, हेही त्यात निघाले. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्राने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. कायदा चांगला झाला. पण कायद्याची अंमलबजावणी काउंटरवर होते, आणि तालुक्याच्या गावात काउंटरमागचा माणूस हाच लोकांचा पहिला डॉक्टर असतो.

या साखळीत मीही एक कडी आहे. १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली आणि आमच्या शाखेत मुलींचे ब्यूटी पार्लरसाठी अर्ज येऊ लागले. खुर्ची, आरसा, वाफेचे यंत्र, सामान. मी असे अर्ज आनंदाने मंजूर केले. घराबाहेर पडून स्वतःचे चार पैसे कमावणाऱ्या त्या मुली मला आजही मोठ्या वाटतात. एकदा तपासणीला गेलो असता एक मुलगी मसाजच्या डब्यात ट्यूब पिळून कालवत होती. ‘‘हे कशाला?’’ विचारले तर म्हणाली, ‘‘साहेब, याच्याशिवाय फरक दिसत नाही आणि फरक नाही दिसला तर गिऱ्हाईक परत येत नाही. लग्नाच्या मुली असतात.’’ मी तपासणी अहवालात लिहिले : व्यवसाय सुरू, मालसाठा पुरेसा, वसुलीस अडचण नाही. त्या डब्याविषयी एक ओळ लिहायचे माझ्या मनातही आले नाही. ज्या नवरीसाठी तो डबा होता, तिच्या बापानेही त्याच महिन्यात आमच्याकडून बैलजोडीच्या नावावर कर्ज घेऊन लग्नाला लावले असेल, आणि तेही मला कळले असते तरी मी डोळेझाकच केली असती.

दोष मुलींच्या नटण्यामुरडण्याला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. नटण्याची हौस माणसाला पहिल्यापासून आहे. गोरेपणाचा दर मात्र मुलींनी ठरवलेला नाही, तो आपण स्थळ बघायला जाणाऱ्यांनी ठरवला आणि कंपन्यांनी त्याचा धंदा केला. क्लिगमन यांचे सूत्र आले त्याच १९७५ मध्ये हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणली. २०२० मध्ये ‘फेअर’ शब्द गळाला, ग्लो अँड लव्हली झाली. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने टक्केवारीच्या बाटल्या विकणाऱ्या जयपूरच्या मिनिमलिस्ट कंपनीचे ९०.५ टक्के भाग घेण्याचा करार जाहीर केला, कंपनीची किंमत २९५५ कोटी रुपये धरून. बाटलीवर आकडा छापणे ही प्रगतीच आहे. निदान काय लावतो आहोत ते कळते. पण ९८ टक्के आणि ९९ टक्के यांत आयुष्याचा फरक पडतो असे ज्या मुलांना दहावीपासून शिकवले, ती १० टक्क्यांची बाटली सोडून ५ टक्क्यांची कशाला घेतील?

ज्यावर काहीच छापलेले नसते, त्याचे भय आणखी वेगळे. अकोल्यात एकाच घरातल्या मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला, ही बातमी २०२३ मध्ये सगळ्यांनी वाचली. त्याच सुमारास केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एकच खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम लावणारे निघाले. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून तो घालतात. आपल्या २०२० च्या नियमांप्रमाणे, डोळ्यांची प्रसाधने सोडली तर, नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण डबीवर ते कोण वाचणार, आणि डबीवर ते कोण लिहिणार?

नातीच्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांनी बंद केल्या. साधा साबण, साधे मॉइश्चरायझर, उन्हाचे क्रीम आणि ट्यूब एकदम न सोडता कशी उतरवायची त्याची चिठ्ठी. पुढचे दोन महिने अवघड गेले. परीक्षेच्या अर्जावरचा फोटो आणि आरशातला चेहरा यांचा मेळ बसेना. केंद्रावर आपल्याला आत सोडतील की नाही, या भीतीने ती रात्री झोपायची नाही. भौतिकशास्त्राची नव्हती तेवढी भीती तिला या गोष्टीची होती. सोडले. पेपरही दिला. गालांची लाली अजून पूर्ण उतरलेली नाही.

परवा गंजगोलाईकडून परतताना ती रिकामी ट्यूब माझ्या पिशवीत राहिल्याचे लक्षात आले. एका मेडिकल दुकानात शिरलो आणि ती काउंटरवर ठेवली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, कोणासाठी हवी हेही विचारले नाही. नाव वाचून तो मागच्या फळीकडे वळला आणि म्हणाला, ‘‘एकच देऊ का काका, दोन?’’