शिसे आणि वाढते बालक

चालू लागलेल्या मुलास कशापासून जपावे, हे कोणत्याही मातेस शिकवावे लागत नाही. चूल, विहीर, वाहता रस्ता हे धोके डोळ्यांस दिसतात; म्हणून घरातील माणसे त्यांच्यावर नजर ठेवतात. परंतु जो धोका धुळीत मिसळलेला असतो आणि ज्याची इजा त्याच दिवशी दिसून येत नाही, त्याच्यापुढे मातेची जागरूकताही अपुरी पडते. शिसे हा असाच एक धोका होय.

वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत मुलाच्या मेंदूचे आकारमान प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे 90 टक्के झालेले असते. याच काळात मज्जापेशींचे परस्परांशी असंख्य दुवे जुळतात आणि भाषा, स्मरण व अवधान यांचा पाया घातला जातो. शिशाच्या बाबतीत शरीराची फसगत होते. ते कॅल्शियमच्या वाटेने आतड्यांतून रक्तात शिरते, हाडांत साठते, मेंदूपर्यंत पोचते आणि तेथील पेशींच्या संदेशवहनात व्यत्यय आणते. पोटात गेलेले शिसे लहान मुलाच्या शरीरात प्रौढाच्या चौपट ते पाचपट शोषले जाऊ शकते. शिवाय रांगत्या मुलाचा हात जमिनीवरून थेट तोंडात जातो. असे मूल आजारी दिसत नाही. केवळ त्याची आकलनशक्ती उणावते, आणि पुढे शाळेत त्यावर 'मंद' असा शिक्का बसण्याचा संभव असतो. ही हानी बहुधा भरून निघत नाही. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक असल्याचे ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे.

या बाबतीत आपल्या देशात काहीच झाले नाही, असे नव्हे. 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांत दर दहा लक्ष भागांस 90 भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम 2016 साली करण्यात आला व 2017 मध्ये तो अमलात आला. तथापि नियमापूर्वी रंगविलेल्या भिंती, दारे व पाळणे आजही उभे आहेत. त्यांचे पोपडे निघतात व त्यांची धूळ होते. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळविण्याचा धंदा, पिवळेपणासाठी हळदीत होणारी शिशाच्या क्रोमेटची भेसळ, आणि बाळाच्या डोळ्यांत घालण्यात येणारे सुरम्याचे काही प्रकार, हीही त्याची उगमस्थाने होत. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020 सालच्या अहवालानुसार भारतातील सुमारे 27 कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक होते.

जेथे पोटभर अन्नाचीच वानवा आहे तेथे शिशाची काळजी कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. लोह व कॅल्शियम यांची उणीव असलेले शरीर शिसे अधिक शोषते. म्हणजे ज्या मुलास आहार कमी, त्यासच विष अधिक.

घराने आपल्यापुरते पुष्कळ करावे. जेवणापूर्वी मुलाचे हात धुवावेत, फरशी ओल्या फडक्याने पुसावी, जुना रंग कोरडा खरवडू नये, बॅटरीच्या कामाचे कपडे घरात आणू नयेत. परंतु हळदीची पूड पाहून तीतील शिसे कोणत्याही मातेस ओळखता येणार नाही. ते काम प्रयोगशाळेचे आणि अन्ननिरीक्षकाचे आहे. अंगणवाडीत मुलाचे वजन व उंची यांची नोंद होते. त्याच वास्तूच्या भिंतींची तपासणी व्हावी आणि धोक्याच्या वस्तीतील मुलांचे रक्त तपासले जावे, ही मागणी अवास्तव नाही.

जे दिसते त्यापासून मुलाला आई वाचवील. जे दिसत नाही त्यापासून त्याला वाचविणे हे समाजाचे कर्तव्य आहे.