युद्धपटांची पारख

दूरचित्रवाणीवर महायुद्धाचे माहितीपट वरचेवर लागतात, आणि घरांतील मुलें ते प्रत्यक्ष इतिहास समजून पाहतात. त्यांची पारख कशी करावी? आम्ही प्रथम एवढेंच पाहतों कीं, पडद्यावरील दृश्य कोणीं, केव्हां व कोणासाठीं टिपलें, हें निवेदक सांगतो कीं नाहीं. १९४२ च्या नोव्हेंबरांत स्टालिनग्राडच्या जर्मन सैन्याभोंवतीं वेढा आवळून दोन रशियन फौजा कलाचजवळ एकमेकींस मिळाल्या. बर्फांतून धांवत येऊन सैनिक परस्परांस आलिंगन देतात, तें प्रसिद्ध दृश्य मागाहून कॅमेऱ्यापुढें पुन्हां वठविलेलें आहे. विजय खरा, धांव नाटकी! तें न सांगतां दाखविणाऱ्यावर आमचा विश्वास बसत नाहीं. त्यांतून रणभूमीवरील त्या काळच्या बहुतेक फिती मुक्या. आपण ऐकतों तो तोफांचा गडगडाट पुढें भरलेला असतो.

१९७३-७४ सालीं इंग्लंडांत दाखविलेली २६ भागांची 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही मालिका आम्हांस अजूनही श्रेष्ठ वाटते. सेनापतींबरोबर सामान्य स्त्रीपुरुषही तींत बोलतात. तथापि साक्षीदारही पारखावे लागतात. हिटलरचा मंत्री आल्बर्ट स्पेअर तींत किती शांतपणें, किती सभ्यपणें बोलतो! ज्यूंच्या संहाराची आपणांस माहिती नव्हती, असें तो जन्मभर सांगत आला. परंतु १९७१ चें त्याचें एक खासगी पत्र २००७ सालीं उजेडांत आलें. १९४३ सालीं पोझेन येथें हिमलरनें त्या संहाराची उघड वाच्यता केली, तेव्हां आपण सभेंत हजर होतों, असें त्यांत त्यानेंच लिहिलें आहे. मालिकेच्या कर्त्यांस अर्थातच हें पत्र ठाऊक नव्हतें. शेजारीं बसलेल्या मुलांस मात्र तें आपण सांगूं शकतों.