वसुली थांबली, नोंद उरली

सूक्ष्म आणि लघु कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीला आळा घालणारा कर्नाटक सरकारचा वटहुकूम १२ फेब्रुवारी २०२५ रोजी लागू झाला आणि पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने त्यावर कायद्याची मोहोर उठवली. त्यापूर्वी राज्यपालांनी तो एकदा परत पाठवला होता. तीन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी दहा वर्षांपर्यंतचा कारावास आणि पाच लाखांपर्यंतचा दंड ही शिक्षा प्रमाणाबाहेर आहे, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु त्या जानेवारीत हावेरी जिल्ह्यातील महिलांनी आपली मंगळसूत्रे मुख्यमंत्र्यांना टपालाने पाठवली होती आणि बेळगाव जिल्ह्यातूनही तक्रारींचा ओघ सुरू होता. सरकारला थांबणे परवडणारे नव्हते. दारात उभ्या राहणाऱ्या वसुली कर्मचाऱ्याचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. पण त्या कर्मचाऱ्यामागे जी नोंद राहते, तिच्याकडे अद्याप कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

हुक्केरी तालुक्यातील संकेश्वर हे या प्रश्नाचे स्वरूप समजून घेण्यास योग्य ठिकाण आहे. मिरचीची जुनी बाजारपेठ, हिरण्यकेशीच्या काठचा ऊस, सहकारी साखर कारखाना आणि पुणे-बेंगळूरु महामार्ग यांवर या गावाचे अर्थकारण चालते. येथील उत्पन्न हंगामी आहे. उसाचे बिल काही महिन्यांनी मिळते, मिरचीचा पैसा सुगीला येतो. गटकर्जाचा हप्ता मात्र आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला ठरलेल्या दिवशी द्यावा लागतो. एक हप्ता भागवण्यासाठी दुसऱ्या संस्थेचे कर्ज आणि ते फेडण्यासाठी तिसऱ्या संस्थेचे, ही साखळी अशा ठिकाणी सहज तयार होते.

वसुलीविषयीचे नियम तसे पूर्वीपासून आहेत. रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज हे सूक्ष्मवित्त कर्ज होय. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत. वसुली परस्परसंमतीने ठरलेल्या ठिकाणी व्हावी. कर्जदार तेथे लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा न आल्यासच कर्मचाऱ्याला घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येते. सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी सहानंतर फोन करणे, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे, कर्जदारांची नावे जाहीर करणे यांस मनाई आहे. नियमांची उणीव नव्हती, अंमलबजावणीची होती.

राज्याच्या नव्या कायद्यालाही एक मोठी मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि बिगरबँक वित्तसंस्था त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्याचा मुख्य रोख नोंदणी नसलेल्या सावकारांवर आहे. यामागे केवळ राजकीय संकोच नाही. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांसंबंधी मे २०२२ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तसंस्थांना राज्यांचे असे कायदे लागू होत नाहीत, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे अशा संस्थेकडून कर्ज घेतलेल्या संकेश्वरच्या महिलेला दाद मागायची ती रिझर्व्ह बँकेच्या चौकटीतच.

याच चौकटीत तिची पत-नोंद येते. बोलीभाषेत तिला सरसकट ‘सिबिल’ म्हटले जाते. प्रत्यक्षात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या देशात आहेत. २००५ च्या कायद्याखाली त्या काम करतात आणि ३०० ते ९०० या पट्ट्यात कर्जदाराचे गुणांकन करतात. एका कंपनीतील चूक दुरुस्त झाली तरी ती उरलेल्या तिघींकडे तशीच राहू शकते.

सीमाभागात अशा चुकांना आणखी वाव आहे. गडहिंग्लजची मुलगी संकेश्वरला सून म्हणून येते, तेव्हा तिचे आडनाव, पत्ता आणि राज्य एकाच वेळी बदलते. एका कागदावर नाव मराठी उच्चाराप्रमाणे, दुसऱ्यावर कन्नड वळणाचे, तर इंग्रजीत दोन्हींचे स्पेलिंग वेगळे. एकीचे थकीत कर्ज दुसरीच्या नावावर चढणे, किंवा फेडलेले खाते चालू दिसत राहणे, अशा वेळी अशक्य राहत नाही.

या चुकांवर उपाय आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तक्रार आल्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती कळवावी आणि ३० दिवसांत तक्रारीचा निकाल लागावा, असे बंधन आहे. विलंब झाल्यास एप्रिल २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई देय आहे. दुरुस्ती नाकारल्यास कारण कळवावे लागते आणि तरीही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. मात्र अहवाल मुख्यतः इंग्रजीत असतो, अर्जाची वाट मोबाइलवरून जाते आणि ज्या महिलेने कर्जाच्या कागदावर अंगठा उमटवला आहे, तिच्यासाठी ही वाट जवळपास बंदच असते.

याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. सरकारी अनुदानाचे आमिष दाखवून महिलांच्या नावे कर्जे काढायची आणि रक्कम मध्यस्थाने घ्यायची, अशा तक्रारी बेळगाव जिल्ह्यात झाल्या. येथे पत-नोंदीत तांत्रिक चूक नाही. सही तिची, आधार तिचे, खातेही तिचेच. दुरुस्तीचा अर्ज केला तर संस्था कागद दाखवून नोंद बरोबर असल्याचे कळवणार. फसवणुकीचा तपास पोलिसांकडे, वसुलीची तक्रार जिल्हा प्रशासनाकडे आणि नोंद खासगी कंपनीकडे, अशा तीन ठिकाणी हे प्रकरण विखुरले जाते. तपासात ती निर्दोष ठरली, तरी तो निष्कर्ष पत-नोंदीपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

थकबाकी तडजोडीने मिटवणाऱ्यांचीही अशीच अडचण होते. कमी रकमेत प्रकरण संपवल्यास खाते पूर्ण फेडलेले नव्हे, तर ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढचा बँक अधिकारी तेथेच थबकतो. अशी माहिती किमान सात वर्षे जतन केली जाते. बँकेचे दार बंद झाले की कर्जाची गरज संपत नाही, ती नोंदणी नसलेल्या सावकाराकडे वळते. म्हणजे ज्याच्याविरुद्ध कायदा केला, त्याच्याकडेच कर्जदार परत जातो.

गोव्यासाठी हे परमुलखातले प्रकरण नाही. संकेश्वर-बांदा महामार्ग आंबोलीमार्गे राज्याच्या वेशीपर्यंत येतो आणि सीमाभागातील कामगार, भाजीविक्रेते येथे रोज ये-जा करतात. गोव्याचा २००१ चा सावकारी कायदाही न्यायालयाने आखलेल्या याच मर्यादेत आहे. तेव्हा केवळ शिक्षा वाढवून भागणार नाही. तालुक्याच्या कचेरीत मराठी आणि कन्नडमधून अहवाल वाचून दाखवणारी व अर्ज भरून देणारी व्यवस्था हवी. फसवणुकीचा गुन्हा नोंदताच संबंधित कर्ज वादग्रस्त असल्याची खूण चारही कंपन्यांकडे व्हावी आणि तपासाचा निष्कर्ष त्यांना कळवण्याची जबाबदारी महिलेची नव्हे, प्रशासनाची असावी. तसे झाले नाही, तर दारातला तगादा थांबूनही तिच्या नावावरचा डाग पुढची कित्येक वर्षे वसुली करीत राहील.