चारित्र्याचा दाखला आणि बेड्यावरचा उमेदवार

माणसाला काम देण्यापूर्वी त्याची चौकशी करावी, यात गैर काही नाही. सालगडी ठेवतानाही शेतकरी त्याच्या गावात दोन शब्द विचारतोच. परंतु चौकशी करणे निराळे आणि कपाळावर शिक्का मारणे निराळे. पोलीस पडताळणीवाचून सरकारी नोकरी पक्की होत नाही. खासगी सुरक्षारक्षकाच्या पूर्वचारित्र्याची खातरजमा २००५ च्या केंद्रीय कायद्याने आवश्यक ठरविली. आता कारखाने आणि मजूर पुरविणारे ठेकेदारही तोच दाखला मागू लागले आहेत. मोठ्या कंपन्यांना उमेदवारांची चौकशी करून देण्याचा तर स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. या चाळणीतून नेमके कोण गळते, हे मात्र कोणी विचारीत नाही. यवतमाळ जिल्ह्यापुरता तरी तो प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

या जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत, कोलामांचे पोड आहेत आणि पारध्यांचे बेडेही आहेत. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ व १९२४ साली तो अधिक जाचक झाला. एखाद्या जमातीत जन्म झाला एवढ्याच कारणावरून माणसाचे नाव नोंदवहीत चढे, बोटांचे ठसे घेतले जात, पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला आणि ‘गुन्हेगार’ म्हटले गेलेले लोक ‘विमुक्त’ झाले. पण लगोलग राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. नोंदवही बदलली, नजर बदलली नाही. दार उघडले की काय घडते, याचाही दाखला याच जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत गणल्या जाणाऱ्या बंजारा समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. बेड्यावरच्या पारध्याच्या पोरासाठी ते दार अजून पुरते उघडलेले नाही.

आसपास चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्याकडे वळते, ही पारधी समाजाची पिढ्यानपिढ्यांची तक्रार आहे. संशयावरून उचलणे, प्रतिबंधक कलमाखाली ‘चॅप्टर केस’ करणे, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेणे, यांपैकी एकाही गोष्टीने अपराध सिद्ध होत नाही. पण कागदावर त्यांची खूण राहते. बारावी झालेला तरुण पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी अर्ज करतो, तेव्हा मालकाला ‘गुन्हा दाखल’ एवढेच दोन शब्द दिसतात. दोषी ठरला की निर्दोष सुटला, हे पाहण्याची तसदी कोण घेणार? खटल्याचा निकाल लागेपर्यंत वर्षे जातात आणि जागा तर आठवड्यात भरते. ज्या वस्तीवर पोलीस अधिक जातात, त्या वस्तीच्या नोंदीही अधिक होतात. मग त्याच नोंदींचा हवाला देऊन ‘हे लोक तसलेच’ असे म्हणावयाचे, हा कोणता न्याय?

आपला कायदा याहून उदार आहे. अल्पवयात घडलेल्या अपराधामुळे कोणी पुढे अपात्र ठरू नये, असे २०१५ च्या बालन्याय कायद्याचे कलम २४ सांगते. अतिगंभीर गुन्हा केलेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा तेवढा अपवाद. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानेही, सुधारण्याची संधी देऊन सोडलेल्याची अपात्रता दूर केली आहे. दिल्ली पोलिसांतील एका उमेदवाराने जुना, आपसात मिटलेला खटला अर्जात लिहिला नव्हता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला आधार दिला आणि व्हिक्टर ह्यूगोच्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. २०१६ साली त्याच न्यायालयाने सांगितले की गुन्ह्याचे स्वरूप, उमेदवाराचे वय आणि पदाची जबाबदारी यांचा विचार करूनच निर्णय व्हावा. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही बजावले.

व्हालजाँची कथा आपल्या वाचकांस परिचित आहे. पावाच्या चोरीपासून सुरू झालेली शिक्षा एकोणीस वर्षांवर गेली. सुटल्यावर हाती पिवळे ओळखपत्र आले आणि ते पाहताच खाणावळवाल्यांनी दारे लावली. दीन्यच्या बिशपांनी मात्र कागद न मागता त्याला जेवू घातले. तो पिवळा कागदच आज ‘पडताळणी’ या सभ्य नावाने फिरत आहे.

कोणी म्हणेल, मग लेकराबाळांच्या सुरक्षिततेचे काय? प्रश्न रास्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्यानंतर राज्य शासनाने शाळांतील कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आग्रह धरला, तो योग्यच होता. बालकांवरील अत्याचारात दोषी ठरलेल्याला शाळेच्या फाटकातही उभे करू नये. पण त्या भीतीचे भांडवल करून, दहा वर्षांपूर्वी बाचाबाचीत नाव आलेल्या माणसाला गोदामातली हमालीही नाकारावयाची, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. शिवाय ज्याच्या हातून पहिला अपराध व्हावयाचा आहे, त्याचा दाखला कोराच असतो. कोऱ्या कागदावर विसंबून देखरेख सैल सोडणारी संस्था लेकरांना अधिकच धोक्यात टाकते.

इतरत्र मार्ग काढले गेले आहेत. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळ निर्वेध गेला की बहुतेक जुन्या शिक्षा सांगण्याचे बंधन सुटते. बालकांशी संबंधित कामे त्यास अपवाद. अमेरिकेतील हवाई राज्याने १९९८ साली मालकांना बंधन घातले की आधी नोकरी देऊ करा, मग पूर्वशिक्षेचे विचारा. आपल्याकडे निदान एवढे व्हावे: दाखल्यात केवळ सिद्ध झालेले अपराध यावेत, कामाशी संबंध नसलेला अपराध आडवा येऊ नये, नकार दिल्यास कारण लेखी कळवावे आणि उमेदवाराचे म्हणणे ऐकावे.

शासन हे करील तेव्हा करील. आपल्या शाळा आहेत, इस्पितळे आहेत, पतपेढ्या आहेत. आपणही मालकच आहोत. अर्जदाराचे आडनाव आणि गाव वाचून आपली भुवई उंचावते की नाही, हे ज्याचे त्याने तपासावे. चोरी सोडून कष्टाची भाकर खा, असा उपदेश बेड्याला देण्याचा अधिकार ती भाकर मिळविण्याची वाट मोकळी ठेवणाऱ्यालाच आहे.