१२० कोटी आणि तुळजापूरचा पोरगा

आयपीएल ऑक्शनला आपण ‘पैशाचा बाजार’ म्हणून मोकळे होतो. पण तिथे खरी चालते ती काटकसर! २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक टीमला मर्यादा होती १२० कोटींची, आणि त्यात किमान १८ खेळाडू बसवायचे. मुंबईने बुमराह, सूर्या, हार्दिक, रोहित, तिलक या पाच जणांवरच ७५ कोटी घातले. उरले ४५. मग ईशान किशन ११.२५ कोटींना हैदराबादला गेला. लखनौने पंतला २७ कोटी दिले आणि आपल्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला घेतलं ३० लाखांत, बेस प्राइसला. २०२२ मध्ये चेन्नईने त्याच्यासाठी दीड कोटी मोजले होते!

मर्यादा हवीच, नाहीतर सगळे स्टार श्रीमंत मालकाकडेच जातील. पण कात्री लागते ती खालच्यांना. आपल्या मेसचंच बघा ना, रविवारी पनीर झालं की बुधवारपर्यंत वरण पातळ! नांदेड-लातूरच्या पोरांना आत जायला हीच ३० लाखांची रांग आहे. म्हणून माझं म्हणणं, एका खेळाडूवर किती टक्के खर्चायचे यालाही कॅप लावा आणि बेस प्राइस वाढवा.