ग्रामसभा गावच्या वेळेला भरू द्या

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागलं, मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटावर आलं, की पुढं बाजाराचं मोठं गाव लागतं ते चौसाळा. खत-बियाणं, कापड, औषधपाणी, पोरांची शाळा, आठवडी बाजार, अशा दहा कामांसाठी आसपासच्या वाड्या-वस्त्यांची माणसं इथंच उतरतात. महसुली मंडळ चौसाळ्याच्या नावाचं आहे. एके काळी चौसाळा नावाचा विधानसभा मतदारसंघही होता; २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. गावाचं रूप निमशहरी झालं आणि कारभार ग्रामपंचायतीकडंच राहिला. मराठवाड्यात महामार्गावरची अशी अनेक बाजारगावं आहेत. त्यांच्या रोजच्या गाऱ्हाण्यांना वाट कुठून मिळेल, हा आजचा विषय.

अशा गावांची गाऱ्हाणी आता शहरासारखी झाली आहेत. गावठाणाबाहेर प्लॉटिंग पडतं, घरं उठतात आणि नाली मागून येते, कधी येतच नाही. बाजार उठला की सडका भाजीपाला आणि प्लास्टिक तिथंच राहतं. नळाला पाणी कधी येईल यावर बायांचा दिवस ठरतो. ज्याला परवडतं तो बोअर घेतो किंवा जारचं पाणी आणतो. पाऊस लागून राहिला की सखल वस्तीत पाणी शिरतं. दुष्काळात टँकर आणि अतिवृष्टीत तुंबलेली नाली, ही दोन्ही दुखणी एकाच गावाला सोसावी लागतात: २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टीनं रानं खरवडून नेली.

या सगळ्यावर लोक बोलत नाहीत असं नाही. हॉटेलात बोलतात, पारावर बोलतात, मोबाईलवरच्या गटात फोटो टाकतात. पण हे बोलणं ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात उतरत नाही, आणि जे इतिवृत्तात नाही त्याला सरकारदरबारी किंमत नाही. उतरायची जागा कायद्यानं दिलेली आहे, ती म्हणजे ग्रामसभा. माझं म्हणणं असं की ती जागा आपण लोकांच्या सोयीनं उघडलेलीच नाही.

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रघातानं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. आता या तारखा बीड जिल्ह्याच्या वर्षाशेजारी ठेवून पाहा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. दिवाळीपर्यंत कित्येक वस्त्यांत म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरं तेवढी उरतात. कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात माणसं परततात. म्हणजे जानेवारीच्या ग्रामसभेला गावातलं सगळ्यात कष्टाचं घर गावात नसतं, उसाच्या फडात असतं.

याच्याही पुढची गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा बनवायची मोहीम केंद्र सरकारनं २०१८ पासून २ ऑक्टोबरला सुरू करायची ठेवली. आपल्याकडं त्यालाच ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा म्हणतात. पैसा कुठल्या रस्त्यावर, कुठल्या नालीवर, कुठल्या टाकीवर जायचा, हे त्यात ठरतं. म्हणजे ऊसतोड कामगारांच्या वस्तीचं वर्ष ज्या महिन्यांत ठरतं, नेमक्या त्याच महिन्यांत ती वस्ती रिकामी असते. यात कुणाचा कट नाही. दिल्लीनं आखलेलं वेळापत्रक आहे आणि ते बालाघाटाच्या माणसाला जुळत नाही, एवढंच. पण परिणाम तोच होतो: परत आल्यावर वस्तीला रस्ता नाही तो नाहीच, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ग्रामसभेत मांडायचं होतं.’

जे गावात असतात त्यांच्याही सोयीचा विचार होत नाही. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की सभा सुरू होते. त्या वेळी बाईमाणसाचा स्वयंपाक, धुणं, पाणी राहिलेलं असतं. दुकानदाराला दुकान उघडायचं असतं, रोजानं जाणाऱ्याला कामावर जायचं असतं. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते. हजारोंच्या गावात शंभर माणसं म्हणजे काहीच नाही, तरी ती जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला पुढं गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणून आपण न जाण्यानं सभा थांबत नाही. ती आपल्यावाचून पार पडते आणि तिचे ठराव आपल्याला लागू होतात.

दुसरा एक मोठा वर्ग या सभेच्या बाहेर आहे, आणि तो बाजारगावातच आढळतो. पोरांच्या शाळेसाठी, दुकानासाठी, नोकरीसाठी आसपासच्या गावांतून येऊन राहिलेली कुटुंबं. भाड्यानं राहतात, पुढं प्लॉट घेऊन घर बांधतात, पण मत मूळ गावीच ठेवतात. भावकी तिकडं, शेत तिकडं, म्हणून मतही तिकडं. मात्र ग्रामसभेचं सभासदत्व मतदार यादीवरून ठरतं. इथल्या नालीचा वास यांच्या घरात येतो, इथल्या नळाची वाट यांच्या घरातली बाई पाहते, आणि इथल्या सभेत त्यांना हात वर करता येत नाही. या कुटुंबांना मी कळकळीनं सांगेन की जिथं तुमची लेकरं वाढतात तिथं मत आणा. मतदार यादीतला पत्ता बदलून घेण्यानं मूळ गावाचं नातं तुटत नाही. आणि गावकऱ्यांनीही त्यांना ‘बाहेरचे’ म्हणणं सोडावं. जो घरपट्टी भरतो तो बाहेरचा कसा?

अशा गावांत एक मागणी अधूनमधून होते, नगरपंचायत करा. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं धोरण राज्यानं २०१४ च्या सुमारास राबवलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केज, आष्टी, पाटोदा, वडवणी आणि शिरूर कासार इथं त्या आल्या. चौसाळा तालुक्याचं ठिकाण नाही, ते ग्रामपंचायतच राहिलं. नगरपंचायतीचे फायदे आहेत, मुख्याधिकारी येतो, शहरी योजनांची दारं उघडतात. पण देणं-घेणं दोन्ही मोजावं. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. गावासाठी असलेली रोजगार हमीची कामंही हातची जाऊ शकतात. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतला माणूस आपल्या नगरसेवकाला भर सभेत उभं राहून हिशेब मागू शकत नाही. चौसाळ्यातली शेतमजूर बाई सरपंचाला मागू शकते, आणि ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं लागतं. हा हक्क वापरून न पाहताच सोडून द्यायला निघणं मला पटत नाही.

मागायला हिशेबही मोठा आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ या काळातला निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येत गेला. त्यातला ६० टक्के ‘बंधित’ होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. नाली, कचरा आणि नळ ही जी आपली पहिली तीन गाऱ्हाणी, त्यांच्यासाठीच तो राखून ठेवलेला होता. जलजीवन मिशननं २०१९ मध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचा वायदा केला. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असा दंडक आहे आणि ती समिती ग्रामसभेनं निवडायची असते. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत जी पहिली ग्रामसभा होते, तिच्यापुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाची टिपणी ठेवावी लागते. आणि आराखडा व खर्च केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कुणालाही मोबाईलवर पाहता येतो. दहावी-बारावीतल्या पोरीनं तो पाहून आजीला वाचून दाखवावा, इतकं ते सोपं आहे.

हक्काबरोबर देणंही येतं. घरपट्टी आणि पाणीपट्टी थकवायची आणि नालीसाठी भांडायचं, हे फार दिवस चालत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीनं, हे पाटोदा आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, कर भरणाऱ्या कुटुंबांना वर्षभर मोफत दळण करून दिलं. सरपंच भास्करराव पेरे पाटलांच्या काळात त्या गावानं कर, पाणी आणि कचरा यांची जी घडी बसवली ती पाहायला राज्यभरातून लोक गेले. तिथं सोनं सापडलेलं नव्हतं. भरलेल्या कराच्या बदल्यात दारात काय मिळतं हे माणसाला रोज दिसत होतं, म्हणून तो कर भरत होता. चौसाळ्यासारख्या गावाकडं तर बाजार आहे, दुकानांचे गाळे आहेत, वर्दळ आहे. बाजारातून किती वसूल होतं आणि बाजाराच्या स्वच्छतेवर किती खर्च होतं, हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहिले, तरी अर्धी भांडणं मिटतील.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, ती बोलायला जड आहे. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. राज्य हादरलं, मोर्चे निघाले. पण या जिल्ह्यातल्या घराघरांत त्यानं एक धाक पेरला की कशाला पुढं होऊन बोलायचं? त्यात गेल्या काही वर्षांत जातीच्या ताणानं शेजारपण विरलं. याच काळात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीवरचा लोकांचा माणूसही दिसेनासा झाला. मार्च २०२२ मध्ये बीडसह राज्यातल्या पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली, तिथं प्रशासक आले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. अशा वेळी गावात उघड, सगळ्यांच्या देखत भरणारी सभा एवढीच एक जागा हातात राहते. एकटा माणूस कार्यालयात जाऊन प्रश्न विचारतो तेव्हा तो एकटा पडतो. तोच प्रश्न शंभर मतदारांनी सभेत विचारला, इतिवृत्तात आला, की तो गावाचा होतो. भीतीवर मला याहून खात्रीचा उपाय दिसत नाही. आणि मराठ्याची, वंजाऱ्याची, दलिताची, मुसलमानाची बाई एकाच नळाच्या वेळेबद्दल एका सभेत बोलू लागली, तर तुटलेलं शेजारपणही तिथूनच सांधायला लागेल.

म्हणून चौसाळ्याच्या सरपंचांपुढं, सदस्यांपुढं आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांपुढं माझ्या चार मागण्या आहेत.

एक, पुढच्या वर्षाच्या आराखड्यासाठी वस्तीवस्तीवर बैठका सप्टेंबरातच घ्या, जोड्या निघायच्या आत. मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होत असली तरी लोकांचं म्हणणं आधी लिहून ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. जे फडावर जाणार आहेत त्यांच्या मागण्या त्यांच्या सहीनं किंवा अंगठ्यानं घ्या आणि सभेत वाचून दाखवा.

दोन, एप्रिल-मेची हिशेबाची ग्रामसभा ही वर्षातली मुख्य सभा माना. तेव्हा गाव भरलेलं असतं. ती संध्याकाळी घ्या, ऊन उतरल्यावर, आणि बाजाराचा दिवस सोडून. चार सभा ही किमान संख्या आहे. पाचवी आणि सहावी घ्यायला कुणी अडवत नाही.

तीन, नियमित ग्रामसभेआधीची महिलांची सभा कायद्यातच आहे. ती कागदावर भरवू नका, बचत गटाच्या बायांना वेळ विचारून भरवा, आणि तिच्यातले ठराव मुख्य सभेत सगळ्यात आधी घ्या.

चार, सभेची सूचना सात दिवस आधी द्यायचीच आहे. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवून थांबू नका. घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगा, मशिदीत आणि मंदिरात सांगा, शाळेतल्या मुलांच्या वहीत लिहून पाठवा. मागच्या सभेत झालेल्या ठरावांपैकी किती पुरे झाले, किती राहिले, तेही त्या सूचनेतच छापा.

यांतल्या एकाही मागणीला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. पुरेशा कारणाशिवाय ठरलेल्या ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं, ही कायद्याची ताकद आहेच. पण ती वापरायची वेळ न येता गाव सुधारावं अशी माझी इच्छा आहे. सरपंचांनी वेळ बदलावी आणि गावानं यावं, दोन्ही बाजूंनी एकेक पाऊल टाकायचं आहे. पुढच्या सभेची सूचना निघाली की घरातून एक माणूस तरी जाऊ द्या, आणि एकच पाठवता येत असेल तर पाणी भरणाऱ्या बाईला पाठवा. गावात कुठं काय तुंबलंय, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.