लाईट गेली तरी तास चालू द्या

गुरुजी, बाई, आपल्या धाराशिव जिल्ह्यात गावचा डीपी जळाला की नवा कधी बसेल, सांगता येत नाही. तोवर वर्गातला स्मार्ट टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला. कधी लाईट असते, तर प्रोजेक्टरचा दिवा गेलेला असतो. अशा वेळी "शुद्धलेखन लिहा रे" म्हणून तास उरकू नका. खिशातल्या मोबाईलवर तास निभतो. तयारी मात्र आदल्या रात्रीच हवी.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्याआधीच बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले होते. पण वर्गात रेंजच नसेल तर कोड स्कॅन करून काय हाती लागणार? म्हणून उद्याचा पाठ दीक्षा ॲपवरून रात्री घरीच उतरवून घ्या, फोन पूर्ण चार्ज करा. वर्गात शिरताना एअरप्लेन मोड लावा. कविता ऐकवताना ऐन रंगात मला फोन आला होता. पुन्हा मुलांचं लक्ष जागेवर आणायला पाच मिनिटं गेली.

आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचत नसेल तर फोन स्टीलच्या रिकाम्या पेल्यात उभा ठेवा, स्पीकरची बाजू खाली. फरक लगेच कळतो. चित्र दाखवायचं असेल तर पाच-सहा मुलं जवळ बोलवा, बाकीच्यांना त्याच पाठावरचा एक प्रश्न सोडवायला द्या, मग पाळी बदला. पन्नास मुलांसमोर फोन उंच धरून कुणालाच काही दिसत नाही. दिवस-रात्र शिकवायचंय? खिडक्या लोटून घ्या, फोनचा टॉर्च लावा आणि त्यापुढे चेंडू हळूहळू फिरवा. त्याला नेटही लागत नाही.

मुलांना मात्र "घरून मोबाईल आणा" असं सांगू नका. कितीतरी घरांत एकच फोन असतो आणि तो सकाळीच वडिलांबरोबर रानात जातो. फोन आणता न आलेलं मूल वर्गात मान खाली घालून बसतं, ते आपल्या हातून होऊ नये.

आणि पालकहो, काचेला तडा गेला म्हणून कपाटात टाकून दिलेला एखादा फोन तुमच्याकडे असेल, तर त्यातलं तुमचं सगळं पुसून तो शाळेत नेऊन द्या. सिम नसलं तरी उतरवून ठेवलेला पाठ त्यावर चालतो.